गोबर गॅसमधली मोसंबी

आई,

तुझा गोबर गॅस बंद पडला आहे. लोखंडी टाकी पार खाली बसली आहे, कडेच्या पाण्यावर हिरवट साय धरली आहे आणि त्या बाजूने वारा आला की आंबूस वास येतो. शेतातल्या घरात आता मी एकटीच असते. आबा भाऊकडे आहेत, संभाजीनगरला, तिसऱ्या मजल्यावर. त्यांना तिथे नेलं त्याला पाचेक महिने होतील. ते परत इथे यावेत की नाही हे खरं म्हणजे मी भाऊला एक गोष्ट सांगते की नाही यावर आहे. ती गोष्ट कशी सांगायची हे मी मनात कितीदा तरी जुळवलं, दोनदा फोनही लावला, आणि दोन्ही वेळा वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून आज तुला लिहायला बसले. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा तुझं उलट उत्तर यायची भीती नाही. होतीस तेव्हा ती फार होती.

मी इथे कशी आले ते तुला माहीत नाही. हे गेल्यावर जालन्यातलं घर मला खायला उठलं. लेक सासरी, शाळेत मन लागेना, नोकरीची चार वर्षं बाकी होती तरी मी राजीनामा दिला. तेव्हा आबा इथे एकटे होते. भोकरदनहून आपल्या वस्तीवर येणारी लाइन तू असतानाही पाहुण्यासारखी यायची. एका वादळात खांब आडवा झाला आणि तो उभा करा म्हणून सांगायला आबा कोणाकडे गेलेच नाहीत. "कंदील हाय, गॅस हाय, विहिरीला पानी हाय. आनखी काय पाह्यजे?" असं मला म्हणाले. मला ते फार पटलं. मी दोन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले, कमीत कमी वस्तूंवर, आपल्याच शेतातल्या पाण्यावर आणि उन्हावर कसं जगावं याच्या. छपरावर सौर पाट्या बसवल्या, पावसाचं पाणी धरायला टाकी बांधली, आणि अर्थातच वही केली. जन्मभर मास्तरीण होते, वही केल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही. रोजच्या सवयींचा तक्ता काढून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. आबांनी तो चष्मा न लावता बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "कोनाची परीक्षा हाय?"

परीक्षा माझीच होती. तुझ्या स्वयंपाकघराला असा तक्ता कधी लागला नाही. मी नववीत असेन, तू पितळी पातेल्यात तांदूळ धुऊन बाजूला ठेवलेस, मी आपलं पुस्तकातलं काहीतरी घोकत ते धुवण दारातून भिरकावलं. मला अजून दिसतं, तू पिठाच्या हातांनी तशीच उभी आहेस. मारलं नाहीस. म्हणालीस, "पानी फेकायच्या आधी त्याला इचारावं गं बाई, आनखी काही काम करतंस का म्हनून." आणि घागर माझ्या हातात दिलीस आणि विहिरीकडे बोट दाखवलंस. वाटेतली ढेकळं तापलेली होती, मी चप्पल विसरले होते आणि परत फिरायची सोय नव्हती. त्या घरात तांदळाचं धुवण आमटीत जायचं, उरलेलं खरकट्या भांड्यांवर, तिथून गाईंच्या पाटीत किंवा कढीपत्त्याच्या बुडाशी. राख भांड्यांना, भांड्यांची राख अळूला. तू हे कोणाला शिकवलं नाहीस, नुसतं केलंस, आणि आम्ही ते गरिबी म्हणून पाहिलं. तुझं ते वाक्य मी शिबिरात सांगितलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका पोरीने ते मोबाइलवर टिपून घेतलं. मला वाटलं, माझ्या तर रक्तातच आहे हे, आता नुसतं आठवायचं.

रक्ताबिक्तात काही नसतं. सवय तीन आठवड्यांत अंगवळणी पडते असं शिबिरात सांगितलं होतं. माझं अंग जुनं असेल, ते काही वळलं नाही. ढगाळ दिवशी मिक्सर चालवायचा नाही हे तक्त्यात पहिलंच होतं, आणि शेंगदाण्याचा कूट करताना मला ते हमखास कूट झाल्यावर आठवायचं. मग संध्याकाळी दिवा मिणमिणायचा आणि आबा म्हणायचे, "ऊन सांडलं का आज?" पाट्यांवरची धूळ पुसायची राहायची. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, छप्पर धुऊन जाऊ द्यायचं, हे वर्गात शिकवायला सांग, एक तास शिकवेन. पाऊस आला तेव्हा मी वाळत घातलेल्या गोधड्यांमागे पळाले आणि छपरावरची कबुतरांची सगळी घाण टाकीत उतरली. दर वेळी मी तक्त्यात एक ओळ वाढवायचे. शेवटी तक्ता दाराच्या चौकटीपर्यंत गेला.

आबांचं मात्र मला पाहवत नव्हतं आणि पाहिल्याशिवाय राहवतही नव्हतं. तू गेलीस तेव्हा ते ठणठणीत होते. नंतर एकेक गोष्ट निसटत गेली. जेवले की नाही ते विसरायचे, मला कधी अक्का म्हणायचे, कधी तुझ्या नावाने हाक मारायचे. पण उजाडायच्या आत बादलीची कडी वाजायची. गोठ्यातलं शेण गोळा करायचं, हौदात टाकायचं, तितकंच पाणी, आणि मग बाही वर सरकवून हाताने कालवायचं. कालवताना डोळे मिटलेले. बोटाला काडी लागली की काडी बाहेर, खडा लागला की खडा बाहेर. थंडीत ते आदल्या दुपारी डबा उन्हात भरून ठेवायचे, तिला गार पाणी सोसत नाही म्हणून. गोबर गॅसला ते 'ती' म्हणायचे, तुला म्हणायचे तसंच. सगळं एकजीव झालं की बूच काढायचं, घळाघळा आत गेलं की दाराशी येऊन मला सांगायचं, "सोडलं." शेगडीवर चहा ठेवायची ती परवानगी होती. वाराचं नाव न आठवणारा माणूस हे एकही दिवस चुकला नाही. खरं सांगू? मला त्यांचा हेवा वाटायचा.

या गॅसला सगळ्यात जास्त विरोध तुझाच होता ना. खड्डा खणला तेव्हा तू आबांना म्हणाली होतीस, "शेनाच्या वासाची भाकर कोन खाईल? तुमीच खा." गवंड्याला तीन दिवस नुसतं पिठलं घातलंस. मग टाकी पहिल्यांदा वर आली, आबांनी काडी लावली आणि शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. आवाज नाही, धूर नाही. तू डोळ्यांना पदर लावलास. तुला धुराने आलेलं पाणी पुसायची सवय होती, त्या दिवशी धूर नव्हता. टाकीला हळदकुंकू लावलंस आणि ज्योतीवर दूध ठेवून ते मुद्दाम उतू जाऊ दिलंस. थेंब वाया न घालवणारी तू, आणि दूध शेगडीवरून ओघळतंय, तू हसतेयस. माझ्या लग्नात भांड्यांमध्ये तू तुझी फुंकणी घातलीस, "मला आता कामून पाह्यजे? तुलाच लागंल कधी," म्हणून. सासूबाई हसल्या, मला शरम वाटली, जालन्यातलं घर बदलताना ती कुठे गेली कोण जाणे.

आता मोसंबीचं सांगते.

गेल्या वर्षी बागेत फळगळ फार झाली. सकाळी पाहावं तर प्रत्येक झाडाखाली पिवळी-हिरवी फळं पडलेली, दोन दिवसांत त्यांना बुरशी. आबांच्या हिशेबाने ती खड्ड्यात पुरायची. मला ते बघवेना. काहीच वाया जाऊ द्यायचं नाही हे तक्त्यात लाल शाईने लिहिलेलं. एका व्हिडिओत मी पाहिलं होतं की स्वयंपाकघरातला ओला कचरा घालूनसुद्धा गॅस होतो. मग मोसंबी का नको? शेण कमी पडतंय, मोसंबी सडतेय, दोन्ही प्रश्न एकदम सुटले म्हणून मी स्वतःवर खूश झाले. पाट्या भरभरून हौदाशी आणल्या आणि पावड्याने फळं ठेचायला लागले. आबा गोठ्यातून आले आणि माझा हात धरला.

"न्हाई, न्हाई. खट्टं न्हाई. तिला खट्टं बिलकुल चालत न्हाई. पोट बिघडतं तिचं."

"आबा, मी शिकून आलेय. काही होत नाही."

"तुझी माय चिडंल."

"आई नाही आता, आबा."

हे त्यांना सांगायचं नसतं हे मला ठाऊक होतं. त्यांना ते दर वेळी नव्याने कळतं. त्यांनी माझा हात सोडला, हौदाच्या कठड्यावर बसले आणि विचारलं, "कवा गेल्ती?" ते तिथे बसलेले असताना मी पहिली पाटी आत सोडली. नंतरचे चारपाच दिवस रोज सोडत राहिले, ते गाईंना पाण्यावर घेऊन गेले की.

पंधरवड्यात ज्योत पिवळी पडली, मग लांबट होऊन फडफडायला लागली, मग पेटेचना. टाकी खाली गेली. आबा रोजच्यासारखे कालवायचे, सोडायचे, आणि टाकीवर हात ठेवून उभे राहायचे. "आज उठली न्हाई," म्हणायचे, जणू कोणी आजारी माणूस आहे. मी चुना कालवून ओतला. काही नाही. मग कोणीतरी फोनवर सांगितलं की दुसऱ्या चालू गोबर गॅसमधली रबडी, म्हणजे आतला आंबलेला शेणकाला, आणून घाला, विरजणासारखी लागते. मी सायकलवर ड्रम बांधून आसपासची चार गावं हिंडले. एका वस्तीवर एका म्हाताऱ्याने मला बसायला खाट दिली, चहा दिला आणि ड्रमाकडे पाहून तोंडावर पंचा धरून हसला. "ताई, चालू गोबर गॅस? आमचा तर कवाच बंद पडला. सिलिंडर आल्यावर कोन हात घालतंय शेनात? त्या खड्ड्यात आता शेळ्या बांधू राह्यलो आमी." प्रत्येक गावात खड्डा होता आणि प्रत्येक खड्ड्याचं काहीतरी झालेलं होतं. कुठे कडबा, कुठे नुसती बाभळ. विरजण मागायला निघाले आणि सगळ्या पंचक्रोशीत दही लावणारं घरच उरलं नव्हतं. रिकामा ड्रम घेऊन आले तेव्हा आबांनी घाईने झाकण उघडून आत पाहिलं.

मग चूल. मला चूल पेटवता येत नाही, आई. तुझी लेक, छपन्न वर्षांची, मुलांकडून पर्यावरणावर निबंध लिहून घेणारी, आणि कापसाच्या ओल्या पळाट्यांपुढे कागदाची नळी करून फुंकत बसलेली. घरभर धूर. आबांना खोकला लागला तो थांबेना. त्याच आठवड्यातल्या रविवारी भाऊ आणि वहिनी आले. भाऊ दाराशी आला तो नाक मुरडतच. हौदावर गेला, बूच काढलं, काठी घातली, आणि काठीबरोबर मोसंबीची कुजलेली सालं वर आली, खूप.

"हे कोणी टाकलं?"

आबा खाटेवर बसले होते. मी चुलीपुढे. हातात कागदाची नळी होती, डोळे चुरचुरत होते, भाऊ तसाच काठी धरून उभा होता आणि मला वाटलं आता हा माझ्या तक्त्याकडे बघेल. मी म्हटलं, "आबांनी टाकली असतील. त्यांना आता समजत नाही."

आबांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग भाऊला म्हणाले, "मीच टाकलं असंल. आता ध्यानात न्हाई राहत."

मी काही बोलले नाही. अजून एक क्षण होता, भाऊ काठी टाकायला बाहेर गेला तेवढा, तेव्हाही बोलले नाही. भाऊ वाईट नाही. तो आबांशेजारी येऊन बसला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला हळू आवाजात म्हणाला, "आज मोसंबी टाकली, उद्या कशाला तरी काडी लावतील. आता यांना इथं ठेवणं बराबर न्हाई. आन तूही किती करशील?" वहिनीने धोतरं, बंड्या, औषधं पिशवीत भरली. आबा गाडीत बसेपर्यंत मला सांगत होते, "उद्या मी न्हाई तर तू सोड. जल्दी उठ." गाई-म्हैस पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याला अर्धलीवर दिल्या, दूध त्याचं, वासरं निम्मी निम्मी. सिलिंडर भाऊनेच पाठवून दिला.

तिकडे काय चाललंय ते भाऊ फोनवर सांगतो. आबा पहाटे उठतात आणि बादली शोधतात. पहिले काही दिवस घरभर हिंडायचे, मग एका सकाळी वहिनी उठली तर न्हाणीघरात दिवा. आबांनी कणकेचा डबा बादलीत रिकामा केला होता, तितकंच पाणी घातलं होतं आणि कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटून कालवत होते. कणीक शेणकाल्यासारखी पातळ झाली होती आणि ते बोटांनी तीत काड्या शोधत होते. मग सगळं मोरीत ओतलं आणि भाऊच्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाले, "सोडलं." मोरी तुंबली. भाऊ मला हे सांगताना आधी हसत होता. मग मला कळलं की तो रडतोय. आता भाऊ-वहिनी स्वयंपाकघराला कडी लावून झोपतात. मी महिन्यापूर्वी जाऊन आले. आबा खिडकीशी बसले होते, हात मांडीवर, स्वच्छ, नखं कापलेली. इतके स्वच्छ हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. मला ओळखलं नाही, निदान माझं नाव घेतलं नाही. पण विचारलं, "ती पेटती का?"

मी म्हटलं, "पेटते."

"मंग बरं हाय," म्हणाले आणि परत खिडकीकडे वळले.

ती परत पेटवता येते, आई. हे मला आता ठाऊक आहे. खड्डा उपसायचा, नव्याने शेण भरायचं, महिनाभर थांबायचं. शेजारी ट्रॉलीभर शेण द्यायला तयार आहे, गाई मागितल्या तर तो परतही देईल, भला माणूस आहे. भाऊला सांगितलं की मोसंबी मी टाकली होती, आबांनी मला अडवलं होतं, तर तो चिडेल, चार दिवस बोलणार नाही आणि मग आबांना घेऊन येईल. त्यालाही तिथे त्यांचं पाहवत नाही. एवढं सोपं आहे सगळं. मी शेजाऱ्याला अजून एकदाही होय म्हटलेलं नाही. रोज त्या टाकीजवळून जाते, तिकडे न बघता. हे पत्र भाऊला लिहायचं ते तुला लिहिलं, आणि तुझा पत्ता नाही हे किती सोयीचं आहे ते मलाही कळतं. वहीतच राहील ते.

गाडी गेली त्या संध्याकाळी मी खूप रडले, असं मी सगळ्यांना सांगते. रडलेही. पण दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं. बादली वाजली नव्हती. कोणाला आवरायचं नव्हतं, कोणाला तू गेल्याचं लपवायचं नव्हतं, कोणी दाराशी येऊन उभं नव्हतं. तीन वर्षांत मला तशी झोप लागली नव्हती. मी तशीच पडून राहिले, बराच वेळ, आणि मला बरं वाटत होतं. भाऊला खरं सांगितलं तर तो आबांना आणून सोडेल. मला त्याचीच भीती वाटते, आई.